दाराशेजारचं झुडूप

"हे मात्र काढून टाकावं लागेल," घराच्या नव्या मालकीणबाई झुडपाकडे बोट दाखवत म्हणाल्या. "आमची छोकरी दिसेल ते तोंडात घालते. विषारी-बिषारी असलं म्हणजे?"

"विषारी नाही ते," ताई म्हणाली.

"नाव काय त्याचं?"

झालं. माझी ताई, चारचौघांत कुणाला बोलण्यात हार न जाणारी बाई, एका झुडपापायी गप्प झाली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी झुडपाकडे पाहिलं. ते आपलं खिडकीच्या उंचीएवढं, गर्द हिरवं, दारापाशी उभं होतं.

"किल्ली देईन तेव्हा सांगते," ताई शेवटी म्हणाली. "तोवर हात लावू नका म्हणजे झालं."

त्या बाई वाईट नव्हत्या. "बरं, रविवारपर्यंत थांबते," म्हणाल्या आणि खोल्यांची मापं घ्यायला आत गेल्या.

भाऊजींना जाऊन वर्ष होत आलं होतं. ताईचे गुडघे बोलायला लागले होते, एकटीला घर झेपेना, म्हणून ती घर विकून माझ्याकडे यायची होती. कपाट दिलं, पलंग दिला, जिच्यावर अर्ध्या वस्तीचे कपडे सैल आणि घट्ट करून दिले ती शिलाई मशीनही दिली. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. अडली ती या झुडपाशी. माझ्या तिसऱ्या मजल्यावर ते येणार नाही, हे तिलाही कळत होतं. काड्या लावून पाहिल्या होत्या, त्या सगळ्या वाळून गेल्या. निदान जागच्या जागी ते जगावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"आणलं कुणी ते?" मी विचारलं.

"ह्यांनी. दौऱ्यावरून आले तेव्हा डब्यात घालून आणलं होतं."

भाऊजी वजनकाटे दुरुस्त करायचे. गावोगावच्या गोदामांत, डोंगरावरच्या कारखान्यांत जायचे, काटा उघडायचे, साफ करायचे, परत यायचे. शब्दसुद्धा तोलून वापरायचे आणि त्यात माप मारायचे. जेवण कसं झालंय? बरं. प्रवास कसा झाला? झाला.

"मग नाव नाही विचारलंस?"

"विचारलं नसेल का?" ताई एकदम उसळली. "शंभरदा विचारलं. धड उत्तर दिलं असेल तर शपथ. जन्मभर एक झाड आणलं त्या माणसाने घरात, तेही कशाचं, कशासाठी, काही पत्ता नाही. मरेपर्यंत मला अंधारात ठेवलं गं."

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज चिरकला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे नुसतं झाडाचं नाव नव्हतं. मग मात्र मी पदर खोचला.

मी बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात माझी हयात गेली, त्यामुळे बिनउत्तराचा प्रश्न दिसला की माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागतो. आधी आम्ही दोघी रोपवाटिकेत गेलो. ताईने माळ्याला शिवणकामाच्या भाषेत वर्णन करून सांगितलं.

"पान जाड आहे, कॅनव्हाससारखं. कड झिगझॅग कात्रीने कापल्यासारखी. फूल पांढरं, मान खाली घातलेलं, आणि मधे हे एवढे पिवळे धाग्यांचे गोंडे."

माळ्याने डोकं खाजवलं. "मोगऱ्यातलं असेल काहीतरी."

"मोगऱ्याला वास येतो. याला नाही."

"मग बिनवासाचा मोगरा," माळी म्हणाला आणि आम्हाला दोन गुलाब विकायच्या मागे लागला.

माझ्या भाच्याने, म्हणजे ताईच्या मुलाने, दूरवरून फोनवर उपाय सांगितला: फोटो काढा, फोन स्वतःच नाव सांगतो. फोनने सकाळी एक नाव सांगितलं, दुपारी दुसरं, आणि ताईचा अंगठा फोटोत आला तेव्हा तिसरंच. मी फोनपुढे हात टेकले.

शेवटी मी फुलासकट एक डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून कामावर नेली आणि खिडकीत ठेवली. मग काय, चौकशीच्या खिडकीतून मीच चौकशी करायला लागले. गाडीची वेळ सांगायची आणि विचारायचं, हे कसलं झाड हो? एक आजोबा म्हणाले, पेरू. एक बाई म्हणाल्या, त्यांच्या आत्याकडे अस्संच होतं, पण आत्या आता नाहीत. एक जण चिडला. "कसलं का असेना बाई, माझी गाडी कुठे लागलीय ते सांगा." त्याचंही बरोबरच होतं म्हणा.

शनिवारी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई आल्या. त्या दर आठवड्याला आईकडे जातात आणि गाडी ठरलेली असूनही वेळ विचारतात. मी त्यांच्या पुढ्यात डहाळी सरकवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फूल उलटं केलं, कोवळं पान मागून न्याहाळलं. मग हसल्या.

"हे कुठे मिळालं तुम्हाला? इकडे सहसा कुणी दारात लावत नाही."

त्यांनी नाव सांगितलं. मी म्हटलं, "काहीतरीच. मग वास कसा नाही?"

"वास पानं सुकवून, मळून, भाजून येतो. मळ्यात खुडून खुडून ठेंगणं ठेवतात. तुम्ही खुडलं नाहीत, म्हणून असं वाढलं. विषारी मुळीच नाही."

ड्यूटी संपल्यावर मी जवळजवळ पळतच ताईकडे गेले. तिच्या घराकडचा जिन्यासारखा धाप लावणारा चढ, त्यात माझं वजन. दारात पोचेपर्यंत तोंडातून धड शब्द फुटेना. ताई जमिनीवर बसून चादरी बांधत होती.

"ताई," मी म्हटलं, "चहा."

"ठेवते गं," ताई गुडघ्यावर हात देऊन उठली. "आधी टेक जरा. भांडी बांधलीत, पण एक पातेलं ठेवलंय वर."

"अगं, चहा..."

"ठेवते म्हटलं ना. धीर धर."

"प्यायला नको मला! झाड! झाड चहाचं आहे!"

ताई पातेलं घेऊन नळापाशी उभी होती. नळ चालू होता, पातेलं भरून वाहायला लागलं, तरी तिने हात मागे घेतला नाही. मी जाऊन नळ बंद केला.

"काय झालं गं?"

"मी विचारलं होतं त्यांना," ताई म्हणाली. "रोप लावून माती सारखी करत होते. मी दारात उभी राहून विचारलं, काय हे? ते म्हणाले, चहा."

"मग?"

"मग काय. मी आत येऊन आधण ठेवलं."

मी तिच्या हातातलं पातेलं घ्यायला गेले, तिने ते सोडलं नाही.

"पहिलं फूल आलं तेव्हा परत विचारलं. परत म्हणाले, चहा. मी मनात म्हटलं, या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. केला आणि नेऊन दिला."

"आणि ते? ते काय म्हणाले?"

"घेतला. हसले जरासे. मला वाटलं, चांगला झालाय."

माझ्या तोंडून हसू फुटलं आणि पाठोपाठ रागही आला. "पण सांगायला काय झालं होतं? दोन शब्द जास्त बोलले असते तर जीभ झिजणार होती?"

"दमून आलेला माणूस," ताई म्हणाली. "न मागता चहा येत होता. तो कशाला सांगेल?" आणि मग ती पातेलं ओट्यावर ठेवून खरंच रडली. भाऊजी गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मलाही राहवलं नाही. आम्ही दोघी रिकाम्या स्वयंपाकघरात नाक पुसत बसलो.

रविवारी टेम्पो आला. सामान चढलं, मी पुढे बसले. ताईने मालकीणबाईंच्या हातात किल्ली दिली.

"हे चहाचं झाड आहे," ती म्हणाली. पूर्ण वाक्य, सावकाश. "आपण पितो तोच चहा. मुलीने पान चावलं तर फार तर तोंड वाकडं करेल."

"अगंबाई! मग राहू दे की." त्या वाकून पाहायला लागल्या. "कुणी लावलं हो?"

"माझ्या यजमानांनी. डोंगरावरून आणलं होतं."

"आणि तुम्हाला इतकी वर्षं माहीतच नव्हतं?"

मी काच खाली करून बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं. ताईने पदर सारखा केला.

"असं कसं? त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मला."

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. ताईने वळून पाहिलं नाही. ती एका हाताने फांदी वर उचलून त्या बाईंना पानांखालचं फूल दाखवत होती.