वरदा कशी उभी राहायची

दिग्रसच्या बाजारात कापूस कमी आणि कापसाच्या भावाची चर्चा जास्त, अशी काही वर्षं गेली, त्या वर्षांतली ही गोष्ट. त्याआधी हिवाळाभर जिनिंग कारखान्याच्या भिंतीलगत गाड्यांची रांग लागायची, विजेच्या तारांवर कापसाचे पुंजके लोंबायचे आणि साऱ्या गावाला सरकीचा वास यायचा. तो वास विरळ होत गेला. सराफ दुकानात पेपर वाचत बसू लागले. साडीवाला तर कुणी नुसतं थांबलेलं दिसलं तरी गादीवरून उठून उभा राहायचा. अशा मंदीतही एक वस्तू मात्र खपत होती. टीव्हीवरच्या बायकांच्या मूर्ती.

वीतभर उंचीच्या, प्लास्टरच्या, चकचकीत रंगवलेल्या. मालिकांमधली थोरली सून, धाकटी सून, डॉक्टरीण, वकीलीण आणि इन्स्पेक्टर वरदा. घरोघरी शोकेसच्या काचेमागे त्या ओळीनं उभ्या असत. कुणाचा संच पुरा झाला, कुणाची वकीलीण अजून यायची आहे, यावर हळदीकुंकवात बोलणं चाले. सोनं घेणं होत नव्हतं, तेव्हा बायका वरदा घेत होत्या.

नरहररावांच्या घरी शोकेस होती, पण तिच्यात पुस्तकं होती. ते तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. चार माणसांत बोलायची वेळ आली की चष्मा पुसायला घ्यायचे आणि बोलणं संपेपर्यंत पुसत राहायचे. पत्नी पद्मजाबाई शाळेत शिकवत. त्या बोलक्या, ठाम आणि वर्गात खडू पडला तरी कुणी पाडला ते सांगणाऱ्या. काचबिंदूनं त्यांची दृष्टी हळूहळू गेली आणि निवृत्तीआधीच त्यांना घरी बसावं लागलं.

वरदाची मालिका त्यानंतर सुरू झाली. म्हणजे पद्मजाबाईंनी वरदाला पाहिलेलंच नव्हतं. संवाद त्यांना ऐकू येत. बाकीचं नरहरराव सांगत. पडद्यावर नुसतं संगीत वाजू लागलं की यांची पाळी. ती जीपमधून उतरली, आता काही बोलत नाही, नुसती बघतेय. दोन्ही पाय रोवून उभी, हात पाठीमागे, मान सरळ. समोरचा पुढारी खुर्चीवर बसलाय, पण छोटा दिसतोय. असं सगळं. जन्मभर तोंड न उघडलेला माणूस रविवारी संध्याकाळी अर्धा तास बोलत राही. भारनियमनात दिवे गेले आणि मालिका अर्धी राहिली, तर अंधारात दोघं मिळून पुढचं रचत. पुढं कधीही नरहररावांना ती वर्षं आठवली की आधी त्या संध्याकाळीच आठवत. गावावर आलेली अवकळा नंतर.

दिवाळीच्या बाजारात त्यांनी एक वरदा घेतली. दुकानात बायकांची गर्दी होती, म्हणून ते समोरच्या रस्त्यानं दोन फेऱ्या मारून आले, आणि आत शिरल्यावरही काय हवं ते न बोलता बोटानं दाखवलं. खाकी कपडे, लाल पट्टा, डोक्यावर टोपी. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी ती घरी आणली आणि पद्मजाबाईंच्या ओंजळीत ठेवली. म्हणाले, "बघ कोण आलंय."

पद्मजाबाईंनी आधी डोकं चाचपलं. मग मान, मग हात. त्यांची बोटं खाली गेली, परत वर आली, आणि चेहऱ्यावरचं हसू कमी कमी होत गेलं.

"हिच्या हातात बांगड्या आहेत," त्या म्हणाल्या.

नरहररावांनी डोळे बारीक करून पाहिलं. खाकी रंगाखाली खरंच बांगड्यांचे उंचवटे होते. टोपी म्हणून जी रंगवली होती, तो अंबाडा होता. सदऱ्यावर पदराच्या चुण्या होत्या, कंबर एका बाजूला मोडलेली, मान लाजल्यासारखी कललेली. दुकानात त्यांनी खाकी रंग पाहिला होता. बाकी काही पाहिलंच नव्हतं.

"मूर्ती चुकली आहे," ते घाईनं म्हणाले.

"सगळं गाव हीच मूर्ती घेतंय नं? त्यांना ती दर रविवारी दिसते. त्यांच्यापैकी कुणालाच चुकलेली वाटत नाही." त्यांनी मूर्ती खाली ठेवली. "तुम्ही मला जी सांगत होता ती कोण होती मग? मला बरं वाटावं म्हणून सांगत होता का?"

नरहररावांनी चष्मा काढला. दुसरा कुणी असता तर ठासून नाही म्हणाला असता. पण त्यांना लगेच आठवलं, की पडद्यावरचं आभाळ नुसतं भुरकट असताना आपण एकदा-दोनदा पाऊस येईलसं दिसतंय म्हणून सांगितलं होतं. जो पाऊस मनानं घालतो, तो वरदाचे पायही मनानंच रोवत असेल. त्यांचा स्वतःच्याच डोळ्यांवरचा विश्वास उडाला आणि उत्तर द्यायची वेळ निघून गेली.

त्या रविवारी मालिका लागली. संगीत सुरू झालं, तसे ते बोलायला गेले. पद्मजाबाई शांतपणे म्हणाल्या, की राहू द्या, मला ऐकून कळतं तेवढं पुरे. पुढचे रविवारही तसेच गेले. टीव्ही बोलायचा आणि हे दोघं गप्प बसायचे. नरहरराव मन लावून बघत. वरदा पाय रोवूनच उभी राहते आहे, असं त्यांना वाटे. पण जुन्या टीव्हीवरच्या मुंग्यांतून आपल्याला जे हवं तेच आपण पाहत असू, असंही लगेच वाटे. शेजारच्या भैरवीवहिनींना विचारावं म्हणून ते एकदा फाटकापर्यंत गेले आणि त्यांच्या जास्वंदीची चौकशी करून परत आले.

शेवटी दुकानदाराकडून त्यांना कळलं, की या मूर्ती बाहेरून येत नाहीत. बंद पडलेल्या जिनिंगच्या मागं भीमराज नावाचा कारागीर राहतो, तो करतो. एका सकाळी नरहरराव तिकडे गेले. दारापर्यंत जाऊन, कुत्रं अंगावर आल्याचं निमित्त करून परत फिरणार, तेवढ्यात भीमराजची बायको इंदूबाई बाहेर आली.

"या नं बाबूजी. ते चावत नाही, नुसतं हजेरी घेते."

अंगणात पत्र्याच्या सावलीत मूर्ती वाळत होत्या. सगळ्या पांढऱ्या, बिनरंगी, एकसारख्या. नरहररावांनी ओळीवरून नजर फिरवली, आणि यातली वरदा कोणती ते त्यांना सापडेना.

"रंग लागला का नाव पडते," इंदूबाई म्हणाली. तिच्यासमोर रंगाच्या वाट्या होत्या. "खाकी लावला तं वरदा. पांढरा कोट काढला तं डॉक्टरीण. लाल साडी तं सून. साचा एकच हाये."

भीमराजनं मग सगळं सांगितलं. तो विहारांसाठी बुद्धमूर्ती करणारा. हंगामात जिनिंगमध्ये काम, उरलेलं वर्षभर मूर्ती, असं त्याचं चाले. जिनिंग बंद पडलं, आणि गावोगावच्या लोकांचे हात आखडल्यावर मूर्तींची कामंही थांबली. तेव्हा एका व्यापाऱ्यानं हा साचा आणून दिला. मुळात ती हातात दिवा घेतलेली बाई होती. दिवा तोडला की हातात काहीही देता येई. वरदाला काठी, डॉक्टरणीला नळी, वकीलणीला पुस्तक. व्यापाऱ्याचं म्हणणं, गिऱ्हाइकाला बाई देखणी पाहिजे. ती काय काम करते ते रंगानं समजते.

"मी म्हटलं होतं यायले," इंदूबाई ब्रश न थांबवता म्हणाली. "पोलीसवाली अशी कमर मोडून उभी राह्यली तं चोर काय पळून राह्यला? तो तं तिथंच बसन पाहत."

"म्हणजे ती टीव्हीत अशी उभी राहत नाही?" नरहररावांनी विचारलं.

"कायले राहीन? खंब्यासारखी सरळ राह्यते."

नरहरराव पाटावर बसले. आपल्याला कुणी बसायला सांगितलेलं नाही, हे त्यांच्या बसल्यावर लक्षात आलं. मग त्यांनी सांगितलं, की एक वरदा पाहिजे, हातानं केलेली, जशी आहे तशी. आणि रंग नको.

"बिना रंगाची?" इंदूबाईनं पहिल्यांदा ब्रश खाली ठेवला. "मंग ओळखन कोन?"

त्यांनी पद्मजाबाईंच्या डोळ्यांबद्दल सांगितलं. मूर्ती चाचपल्यावर त्या काय म्हणाल्या तेही, आणि तेव्हापासून घरात कसं गप्प गप्प असतं तेही. एवढं ते परक्या माणसांसमोर कधीच बोलले नव्हते. इंदूबाई ऐकत राहिली. मग तिनं डोळे मिटून समोरची रंगवलेली डॉक्टरीण एका हातानं आणि सून दुसऱ्या हातानं चाचपली, आणि दोन्ही जागच्या जागी ठेवल्या.

भीमराजनं काळी माती मळायला घेतली. पण अडचण अशी, की तो टीव्ही पाहत नसे, आणि वरदा त्याला ठाऊक होती ती खाकी रंगापुरती. समोर कुणीतरी उभं राहायला पाहिजे होतं. इंदूबाई उभी राहिली, पण नवऱ्यासमोर हात पाठीमागे बांधून उभं राहिल्यावर तिला त्याच्या सगळ्या चुका आठवू लागल्या.

"हिले उभी केली तं हे माह्यावरच डाफरते," भीमराज म्हणाला. "मूर्ती राह्यते बाजूले. बाबूजी, तुमीच राहा उभे."

नरहरराव नाही नाही म्हणत उठले. धोतराचा सोगा सावरला, पाय फाकवून रोवले, हात पाठीमागे घेतले, मान सरळ केली. जिनिंगच्या भिंतीवरून दोन बायका बघत होत्या. कुत्रंही समोर येऊन बसलं. त्यांच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या, पण ते हलले नाहीत. इंदूबाई मधून मधून सांगत होती, की हनुवटी वर घ्या, वरदा खाली पाहत नाही; आणि भीमराजला, की तिचे डोळे अर्धे कायले मिटवले, ते काय ध्यानाले बसली? वर्षानुवर्षांची सवय, त्याचा हात पापण्या खाली ओढूनच थांबायचा. त्यानं बाभळीच्या काट्यानं त्या उघडल्या.

मूर्ती वाळून भट्टीतून निघाल्यावर नरहरराव ती घेऊन घरी आले. यावेळी गुंडाळली नव्हती. पद्मजाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. खडा बोटांना लागतो, त्याला डोळे कशाला, असं त्या म्हणत. ताट त्यांनी बाजूला सरकवलं. नरहररावांनी मूर्ती हातात दिली आणि काहीच सांगितलं नाही. सांगण्याचा अधिकार आपल्याला उरला आहे की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

पद्मजाबाईंनी पायांपासून सुरुवात केली. पाय रोवलेले होते. पाठीमागे हात एकमेकांत गुंतलेले. मनगटं मोकळी. मान सरळ. डोळ्यांवर अंगठा ठेवून त्या थोडा वेळ थांबल्या. मग बोटं खांद्यांवर गेली. डावा, उजवा, परत डावा, आणि परत उजवा.

"हा खांदा उतरला आहे," त्या म्हणाल्या.

मूर्ती परत घ्यायला नरहररावांनी हात पुढं केला. एवढं करूनही मूर्ती चुकलीच होती तर.

पण पद्मजाबाईंची बोटं तिथून हलेनात. दृष्टी गेल्यापासून घराबाहेर पडताना त्यांचा हात नरहररावांच्या याच खांद्यावर असे. कचेरीतल्या टेबलावर जन्मभर एका अंगानं लिहून उतरलेला हा खांदा त्यांना त्यांच्या स्वतःच्या खांद्यापेक्षा जास्त ठाऊक होता.

"तुम्ही उभे राहिलात?"

"हो."

"कुणासमोर?"

त्यांनी भीमराजचं सांगितलं, इंदूबाईचं सांगितलं. भिंतीवरच्या दोन बायकांचं सांगायचं नव्हतं, तेही निघून गेलं. मग कुत्र्याचंही सांगून टाकलं. पद्मजाबाई हसू लागल्या. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मूर्ती मात्र त्यांनी मांडीत घट्ट धरून ठेवली होती.

"घरी मला सांगताना पण उभे राहायचात?"

नरहररावांनी चष्मा पुसायला घेतला. खरं तर ते उभे राहत असत. शब्द अडला की खुर्चीतून उठायचे, वरदासारखे पाय रोवायचे, आणि मग जे अंगाला जाणवेल ते सांगायचे. पद्मजाबाईंना दिसत नाही, म्हणून तर एवढा धीर होत असे.

"राहायचो," ते म्हणाले. "पण पाऊस कधीकधी माझ्या पदरचा असायचा. तो खरा धरू नको."

"पाऊस मला कळायचा. पाऊस आला की तुम्ही पुस्तकातल्यासारखं बोलायला लागायचात." त्यांनी डोळे पुसले. "मधले रविवार गेले, त्यात काय काय झालं तिचं? नुसते दारांचे आवाज ऐकले मी."

नरहररावांनी खुर्ची पुढं ओढली. कुठून सुरुवात करावी ते आधी सुचेना. मग आठवलं, की पहिल्या रविवारी ती आडवाटेच्या गोदामापाशी गेली होती. शिपाई मागं राहिले होते. तिनं जीप थांबवली आणि दार उघडून खाली उतरली.

"कोणता पाय आधी टाकला?"

"डावा," नरहरराव म्हणाले. मग त्यांना शंका आली. "थांब हं," असं म्हणून ते खुर्चीतून उठले आणि जीपमधून उतरून बघू लागले.