चकतीवरचा काळपट थर

प्रयोगशाळेत तिला सगळे चकचकबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. धुळीचा कणही तिच्या टेबलावर बसायला परवानगी मागत असावा.

आज तिचा जीव टांगणीला लागला होता. कृत्रिम पायाच्या गुडघ्यात बसवायचं, तेलाशिवाय चालणारं प्लास्टिक तिने दोन वर्षं खपून तयार केलं होतं. पण चाचणीच्या यंत्रात त्याची छोटी खुंटी फिरत्या पोलादी चकतीवर टेकवली, की खडूसारखी झिजायची. आता शेवटची खुंटी उरली होती. तीही झिजली, तर साहेब कामच गुंडाळणार होते.

सकाळी ती चष्मा घरी विसरली होती. तो द्यायला सासरे आले. उभा जन्म लेथवर काढलेला माणूस, यंत्र दिसल्यावर कसले निघतात! स्टूल ओढून बसलेच.

शेवटची खुंटी लावून तास भरला. तिने यंत्र थांबवलं आणि फडकं उचललं.

"हे काय गं?"

"चकती पुसतेय, बाबा. दर तासाला पुसते. बघा ना, कसला काळपट थर बसलाय."

"अगं, ते बिचारं प्लास्टिक तासभर राबून लोखंडाला आपलं अंग चोपडतंय, आणि तू पुसून टाकतेस? पुन्हा पहिल्यापासून झिजायला मोकळं!"

तिचा हात हवेतच राहिला. प्लास्टिकच्या रेणूंचे तुटलेले धागे धातूला घट्ट धरतात, त्यांचा पातळ पापुद्रा बसतो आणि मग प्लास्टिक प्लास्टिकवरच घसरतं, हे तिला तोंडपाठ होतं. पण पुस्तकातला तो पापुद्रा आणि फडक्यावरचा हा मळ एकच, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि हसूही फुटलं.

पुढचे चार तास मात्र तिची कसोटी होती. हात शिवशिवायला लागले, की सासरे नुसते खाकरायचे.

संध्याकाळी तिने खुंटी काट्यावर ठेवली. वजन जवळजवळ सकाळइतकंच! तीनदा मोजलं. मग सासऱ्यांचे दोन्ही हात धरून तिने तिथेच गिरकी घेतली.

साहेबांना फोन लावून खुंटी टिकल्याचं सांगितलं. "मिश्रणात काय बदललंत?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, साहेब. सासऱ्यांनी मला पुसू दिलं नाही."

साहेब खो खो हसत म्हणाले, "मग उद्याही त्यांना घेऊनच या."