बाणांची वाट

चिमणी नावाच्या छोट्या मुलीला दृष्टिपटलाचा दुर्मिळ आजार होता. उजेड कमी झाला की ती भिंतींवर आदळायची. महिन्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत औषध सोडलं होतं. आज दिवे अगदी मंद करून त्या म्हणाल्या, "जमिनीवरचे बाण बघत माझ्याकडे ये."

चिमणी तुरुतुरु निघाली, खुर्चीला वळसा घालून पुढे सरकली आणि मध्येच बाण सोडून थेट कोपऱ्यात गेली. बाण सोडला की नापास, हा नियम बाईंचाच. बाजूला उभ्या असलेल्या तिच्या आईने तर डोळेच मिटून घेतले.

चिमणी वाकली, परत आली आणि मूठ उघडून म्हणाली, "हे तुमच्या कोटाचं ना?"

तेच बटण काल बाईंनी सगळे दिवे लावून, रांगत रांगत शोधलं होतं, तरी सापडलं नव्हतं.