सोनेरी सभासदांचा सत्कार

स्टुलावर चढून शैलाताईंनी कपाटाच्या वरच्या कप्प्यातली शालींची चळत खाली ओढली. फोन पलंगावर उताणा पडला होता आणि त्यातून सनई वाजत होती. मध्येच एक बाई लाडिक आवाजात सांगे, "आपण आमचे सोनेरी सभासद आहात. आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे."

"मोलाचा आहे तर उचल की मग, भवाने," शैलाताई म्हणाल्या आणि शालींवरची धूळ झटकू लागल्या.

या शाली क्लबच्याच. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्यानं, व्यंकटरावांनी, पाटबंधारे खात्यात असताना वनछाया हॉलिडे क्लबचं सभासदत्व घेतलं. वर्षातून एकदा आठ दिवस कुठल्यातरी डोंगरावर किंवा समुद्राकाठी खोली मिळायची. वर्गणी त्यांनी कधी चुकवली नाही, म्हणून क्लब अधूनमधून त्यांना हॉटेलात बोलावून शाल, नारळ देई आणि फोटो काढी. घरात शाल कोण पांघरणार? मग ती कोणाच्या साठीशांतीला, कोणाच्या वास्तुशांतीला जाई. एक शाल तर अशी फिरत फिरत पुन्हा ह्याच घरी आली होती. काठावरच्या चहाच्या डागावरून शैलाताईंनी ती ओळखली, हसून हसून पोट दुखलं त्यांचं, आणि महिन्याभरात तीच शाल एका निवृत्तीच्या समारंभाला रवाना केली.

सनई थांबली. "बोला मावशी, शिवम बोलतोय."

शिवम हा क्लबचा इथला मॅनेजर. पैठणचा पोरगा, बोलायला गोड.

"शिवमराव, पाचगणीचं काय झालं? मे अखेरचे तीन-चार दिवस मागितले होते मी."

"मावशी, एक खोली शिल्लक नाही बघा. भर सीझन आहे. जुलैत देतो ना. पावसात पाचगणी म्हणजे काय सांगू तुम्हाला!"

"जुलै घेऊन काय करू? अधिक महिना जूनच्या मध्यावर संपतो."

"मी बघतो मावशी. पण संध्याकाळी नक्की या हं. तुमचा आणि काकांचा जोडीनं सत्कार आहे."

शैलाताई स्टुलावरून उतरल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. हातातली शाल उगीच घडी करून पुन्हा मोडली.

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येतो. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून तुपात बुडवून खाऊ घालायचे, जावयाला वाण द्यायचं. गल्लीतल्या प्रत्येक घरी जावई येऊन जात होते. ह्यांच्या घरी जावई आजवर आलाच नव्हता. लेकीनं, ओवीनं, चार वर्षांपूर्वी पुण्यात सम्यकशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा शिकलेला, सालस, जात वेगळी. व्यंकटराव लग्नाला गेले नाहीत. भांडले नाहीत, ओरडले नाहीत, नुसते गेले नाहीत, आणि तेव्हापासून सम्यकचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं. 'ते', 'पुण्याची मंडळी', 'तुझ्या लेकीचा नवरा', असंच.

मागचा धोंडा तसाच कोरडा गेला. ह्या खेपेला शैलाताईंनी लेकीपुढं पदर पसरला. ओवी म्हणाली होती, "आई, बाबांनी स्वतः सम्यकला फोन करून बोलवावं, आम्ही त्याच दिवशी घरी येतो. नसेल जमत तर बाहेर कुठं भेटू. पाचगणीला या. तिथं तरी तोंड चुकवायला जागा असेल." त्या दोघांना सुट्टी मेच्या शेवटच्या आठवड्यातच होती. म्हणून पाचगणी. धोंड्याचं सामान डब्यात भरून डोंगरावर न्यायचं शैलाताईंनी ठरवून टाकलं होतं. ते काय शास्त्रात बसो न बसो.

व्यंकटराव दारात येऊन उभे राहिले. "काय म्हणाला?"

"नाही म्हणाला."

"मग राहू दे ह्या वेळी."

"पुढच्या धोंड्यापर्यंत मी सत्तरी ओलांडेन."

व्यंकटराव दारातून मागं फिरले. वर्तमानपत्र उघडून बसले, आणि बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

संध्याकाळी जालना रोडवरच्या हॉटेलचा हॉल माणसांनी भरला होता. पुढच्या सोफ्यांवर जुने सभासद आणि मागं गोल टेबलांवर नवी जोडपी, प्रत्येकासमोर एक फॉर्म आणि एक पेन. शैलाताईंच्या सोफ्याला लागूनच्या टेबलावर पिशोरचे नानासाहेब आणि त्यांच्या पत्नी आवडाबाई बसले होते. मुलगा वाळूजला कंपनीत इंजिनिअर, त्यानं आईबापाला पाठवलं होतं.

"ताई, तुमी लई जुन्या म्हनं ह्यांच्यात?" आवडाबाईंनी पुढं वाकून विचारलं. "चांगलं हाय का हे?"

"जागा चांगल्या आहेत," शैलाताई म्हणाल्या. खोटं बोलवेना, आणि खरं बोलायचं धाडसही होईना.

तेवढ्यात दिवे मंद झाले. पडद्यावर पाचगणीचं कॉटेज उमटलं. लाल कौलं, पुढं व्हरांडा, व्हरांड्यात वेताच्या चार खुर्च्या. चारच. शैलाताईंच्या डोळ्यांनी त्या चार खुर्च्यांवर आपली चार माणसं बसवूनही टाकली.

"आज, आत्ता, ह्या हॉलमध्ये जे नाव नोंदवतील," शिवम माइकवर म्हणाला, "त्या प्रत्येक जोडप्याला हे कॉटेज तीन रात्री आमच्याकडून भेट! मे अखेर, भर सीझन! फक्त नव्या सभासदांसाठी!"

टाळ्या पडल्या. शैलाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, ऐकलंत?"

"ऐकलं."

"सकाळी एक खोली शिल्लक नव्हती."

"नव्यांचा कोटा वेगळा असतो."

"मग आपल्याला काय?"

"आपल्याला सत्कार," व्यंकटराव म्हणाले. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. चाळीस वर्षं संसार करूनही शैलाताईंना कळेना, हा माणूस चिडलाय की काय.

नावं पुकारली गेली. दोघं स्टेजवर चढले. शिवमनं व्यंकटरावांच्या खांद्यावर शाल घातली, एका मुलीनं शैलाताईंच्या ओटीत नारळ घातला, फोटो निघाला. मग सत्काराला उत्तर. ते नेहमी व्यंकटरावच देत. भाषणही ठरलेलं: हा क्लब म्हणजे आमचं दुसरं घर आहे, इथं आलं की लेकरं आल्यासारखं वाटतं, वगैरे.

"मित्रहो," त्यांनी सुरुवात केली, "हा क्लब म्हणजे आमचं दुसरं घर..." आणि ते थांबले. घसा खाकरला. पुन्हा म्हणाले, "दुसरं घर..." आणि पुढचं वाक्य काही केल्या येईना. लोकांना वाटलं, भरून आलं. दोन-चार टाळ्याही पडल्या.

शैलाताईंनी नारळ डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं नवऱ्याच्या हातातला माइक काढून घेतला. उभी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली होती. दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं, हेच काम. भाषण कधी केलं नव्हतं. पण आवाजाला भीत नव्हत्या.

"शिवमराव, शाल छान आहे. आमच्याकडं अशा लई झाल्यात," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या सोफ्यांवरून हसू फुटलं, कारण तिथं सगळ्यांच्याच कपाटात शाली होत्या. "मला एकच विचारायचंय. पडद्यावरचं ते कॉटेज मी महिन्याभरापासून मागतेय. आज सकाळी तुम्ही म्हणालात, एक खोली नाही. आत्ता म्हणालात, नव्यांना भेट."

"मावशी, आपण ते नंतर बोलू," शिवम हसत पुढं आला आणि माइककडं हात केला. "जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या..."

"शिवमराव."

व्यंकटराव बोलले होते. हळूच, पण ऑफिसात हेडक्लार्क असताना बोलत तसं.

"सत्काराच्या उत्तरात मध्ये बोलायची पद्धत नाही. आमच्या मंडळींचं संपू द्या."

शैलाताईंनी नवऱ्याकडं पाहिलं. चार वर्षांत हा माणूस पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं उभा राहिला होता. मग शैलाताईंचा आवाज असा खणखणीत लागला की मागच्या टेबलावरच्या वाढप्यांनीही हातातल्या ताटल्या खाली ठेवल्या.

"तुमच्यावर राग नाही बाबा. तुम्ही नोकरी करता. पण मागं बसलेल्या ह्या मंडळींनी आज सही केली, म्हणजे उद्या सकाळी ती जुनी झाली की नाही? मग पुढच्या मे महिन्यात त्यांना काय द्याल? पाचगणी की शाल?"

मग नानासाहेबांनी हातातलं पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं. एवढा बारीक आवाज, पण स्टेजपर्यंत आला.

"ताई बराबर बोलल्या," ते उठून म्हणाले. "आमी बी उद्या जुनेच व्हनार. जे जुन्याला इचारत नाय ते आमाला काय इचारनार? आदी ह्या ताईंची सोय लावा. मंग बघू सहीचं."

"व्हय, आदी त्यांचं," आवडाबाई बसूनच म्हणाल्या.

बाजूच्या टेबलावरचं पेन खाली गेलं. त्याच्या पलीकडचंही गेलं. आणि पुढच्या सोफ्यांवरची सोनेरी मंडळी, कोणी गुडघे धरून, कोणी काठी टेकून, उभी राहून अशा टाळ्या वाजवू लागली की क्लबच्या कुठल्याच जाहिरातीला तेवढ्या कधी पडल्या नसतील.

शिवमचा चेहरा पडला. तो कोपऱ्यात गेला, फोन कानाला लावला, वरच्या साहेबाशी हातवारे करत बोलला. परत आला तेव्हा कपाळावर घाम होता, पण डोळ्यांत सुटल्यासारखं हसू होतं. पोरगा मनातून वाईट नव्हता.

"जाहीर करतो," तो म्हणाला, "पाचगणीची योजना आजपासून जुन्या सभासदांनाही लागू. आणि तारखा निवडायचा पहिला हक्क जुन्यांचा. साहेबांनी मान्य केलंय."

काय सांगावं! लग्नात अक्षता पडाव्यात तसा गलका उठला. आवडाबाईंनी बोटं कडाकडा मोडून शैलाताईंची दृष्ट काढली.

"मावशी, पहिलं बुकिंग तुमचं," शिवम गलक्यातच ओरडून म्हणाला. "चार जण ना? बरोबर कोण, नावं सांगा."

शैलाताईंनी तोंड उघडलं. पण माइक त्यांच्या हातातून पुन्हा नवऱ्याच्या हातात गेला होता.

"ओवी," व्यंकटराव म्हणाले. मग थांबले. माइक नीट धरला. "आणि सम्यक. आमचे जावई आहेत."

ते नाव सगळ्या हॉलभर घुमलं. लोकांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. लोक टाळ्या वाजवत राहिले. शैलाताईंनी नारळ छातीशी धरला आणि खुशाल सगळ्यांसमोर रडल्या.

घरी जाताना व्यंकटरावांनी गाडी सरळ न नेता शहागंजाकडं वळवली.

"इकडं कुठं?"

"दुकानं उघडी आहेत अजून. जावयाला वाण द्यायचं तर शाल लागेल."

"अहो, मागच्या सीटवर आजची कोरी पडलीय. शिवाय कपाटात चळत आहे."

"फिरवलेली शाल पहिल्या धोंड्याला?" व्यंकटराव जवळजवळ खेकसले. "काहीतरीच काय बोलतेस?"

शैलाताई खिडकीबाहेर बघत गालातल्या गालात हसल्या.

दुकानात व्यंकटरावांनी दुकानदाराला पुरतं भंडावून सोडलं. हा रंग नको, ते जरीचे काठ नकोत, ही टोचते. शेवटी मऊसूत, दुधाळ रंगाची एक शाल हातावर घासून पाहिली, गालाला लावून पाहिली आणि बांधायला सांगितली. मग बाहेर येऊन फुटपाथवर उभे राहिले. पुडकं काखेत. गाडीचं दार उघडेनात.

"त्या कॉटेजला स्वयंपाकघर आहे का गं?"

"नाही. का?"

"मग धोंडे कुठं तळणार? डब्यातले गार धोंडे जावयाला वाढणार का?" ते समोरच्या रहदारीकडं बघत राहिले. "घरी करू. गरम गरम. पाचगणीला काय, इथून चौघं मिळून जाऊ."

वाहनं जात होती. एक शब्दही मध्ये टाकायची शैलाताईंची छाती होईना.

"त्यांचा नंबर आहे ना तुझ्याकडं?" व्यंकटरावांनी विचारलं. "सम्यकरावांचा. लाव."

त्यांनी लावला. रिंग गेली. पलीकडून "हॅलो, आई?" असा आवाज आला.

एक्स्चेंजमध्ये नियम होता: लाइन जोडली, 'बोला' म्हटलं, की ऑपरेटरनं कानावरून काढून ठेवायचं. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही. शैलाताईंनी तो नियम सारी नोकरी पाळला होता.

"जोडून देते," त्या म्हणाल्या आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला. "बोला."

आणि अगदी खेटून, कान लावून, तिथंच उभ्या राहिल्या.