धर

“धर,” लिफ्टकाका म्हणाले आणि त्यांनी हात सोडला.

पलीकडे धरायला कुणी नव्हतं. साडेसहा फुटांची ती फळ्यांची भिंत क्षणभर विचारात पडल्यासारखी उभी राहिली, मग कलली आणि काकांच्या उजव्या पावलावर येऊन विसावली. आवाज असा झाला की शेजारच्यांचं मांजर दोन दिवस घरी फिरकलं नाही.

स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीत, चाकाच्या खुर्चीवर काकू बसल्या होत्या. चार महिन्यांपूर्वी त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. तेव्हापासून बोलणं अडखळत, एकेक शब्द ढकलत यायचं.

“पाय... आहे का जागेवर?”

“आहे की. त्याच्यावर भिंतही आहे.”

“मग तिथेच... राहू द्या. भिंतीला... पाया झाला.”

दोघंही हसले. पण काकूंचा डावा हात खिडकीबाहेर तसाच पुढे आलेला होता, बोटं उघडी. “धर” ऐकल्याबरोबर तो आपला आपणच गेला होता. काकांना तो दिसला आणि बूट काढायचं निमित्त करून ते खाली वाकले.

छत्तीस वर्षं हे असंच चाललं होतं. पडद्याची दांडी असो, कपाटाची फळी असो, पंख्याचं पातं असो, एक टोक काकांकडे, दुसरं काकूंकडे. काका “धर” म्हणायचे, की काकू हातातलं काम टाकून, साबणाच्या हातांनी का होईना, धरायच्या. काकांनी एकदाही मान वळवून पाहिलं नाही. पाहायचं कशाला? म्हणूनच निवृत्त होताना सोबत्यांनी लोखंडी वाइस भेट दिला, लाकूड जबड्यात घट्ट पकडून ठेवणारा, तेव्हा काका घरी येऊन म्हणाले होते, “याचं काय करू? माझ्याकडे एक आहे. शिवाय बोलतं.” वाइस खोक्यातच राहिला.

काका म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे. आणि थापा मारण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा म्हणे एक नवरा-बायको भांडत भांडत लिफ्टमध्ये चढले आणि लिफ्ट अडकली. काका पोचेपर्यंत त्यांचं भांडण मिटून, नव्याने होऊन, पुन्हा मिटलं होतं. काकांनी दार उघडलं तर आतून नवरा म्हणाला, “जरा वेळाने येता का?” गोष्ट दरवेळी नवी व्हायची. काकू फक्त हिशोब ठेवायच्या. “मागच्या खेपेला चार तास अडकले होते. आज सहा?” काका म्हणायचे, “अगं, लिफ्ट जुनी होत चाललीय.”

निवृत्त झाल्यावर परसात एक छोटं वर्कशॉप उभारायचं आणि त्यात दोरी ओढली की वर-खाली होणाऱ्या चिमुकल्या लाकडी लिफ्ट बनवायच्या, हे त्यांचं जुनं स्वप्न. सगळे भाग तयार मिळणारा संच त्यांनी मागवला. तो आला काकू दवाखान्यात असताना. खोकी तीन महिने परसात ताडपत्रीखाली पडून होती.

त्या खोक्यांवरूनच मागच्या रविवारी मुलीशी वाजलं. आईला बघायला ती दर रविवारी यायची.

“बाबा, आईला उचलता, बसवता, आंघोळ घालता. वय काय तुमचं? मी तिला घेऊन जाते. माझं घर तळमजल्यावर आहे, मदतीला बाई आहे. तुम्हीही चला.”

“आम्ही कुठेही येणार नाही. निम्म्या शहराला मी वर-खाली केलंय. एका बायकोला खुर्चीत बसवणं जड आहे का मला?”

“ती खोकी बघा तीन महिने कुजतायत. एक खोली उभी करणं होत नाही तुमच्याने, आणि आईला...”

“पुढच्या रविवारी ये. छपरासकट उभी दिसेल.”

“आणि नाही दिसली तर?”

काकांनी खिडकीतून ताडपत्रीकडे पाहिलं.

“तर आई माझ्याकडे,” मुलगी म्हणाली. “ठरलं?”

“ठरलं.”

काकू या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना कुणीच विचारलं नव्हतं.

संचासोबत एक पुस्तिका होती. तिच्यात अक्षर नावाला नाही, नुसती चित्रं. पहिल्याच पानावर एक माणूस एकटा भिंत उचलतोय, तोंड पाडून, आणि त्याच्यावर भलीमोठी फुली. शेजारी दोन माणसं तीच भिंत उचलतायत, हसत. भिंत पायावर पडली त्या दुपारी, काका पाय बादलीत बुडवून बसले असताना, काकूंनी डाव्या हातात पेन धरून त्या दुसऱ्या माणसाच्या पायाखाली दोन वेडीवाकडी चाकं काढली.

“ही... मी,” म्हणाल्या.

चार भिंती कशाबशा उभ्या राहिल्या. काका आता एकेका भिंतीला दोरीने झाडाशी बांधायचे, खुर्चीचा टेकू द्यायचे, मगच स्क्रू मारायचे. तोंडातून “धर” यायचंच, पण मागोमाग जीभ चावायचे. शुक्रवारी छपराचे दोन भाग तेवढे उरले, आणि ते एकट्याच्या बापाला पेलणारे नव्हते.

शनिवारी सकाळी काकांना आपला धंदा आठवला. लोकांना वाटतं लिफ्ट मोटर उचलते. खरा भार वाहत असतं ते दुसऱ्या टोकाला टांगलेलं वजन. भिंतीआड गपचूप वर-खाली करत असतं, कुणाच्या नजरेला पडत नाही. त्यांनी झाडाच्या जाड फांदीला कप्पी बांधली. दोरीच्या एका टोकाला छपराचा भाग, दुसऱ्या टोकाला वाळूची पोती. जास्तीच्या दोरीला खिडकीलगतच्या खांबाभोवती तीन वेढे दिले आणि शेपूट खिडकीतून काकूंच्या डाव्या हातात.

“तीन वेढे आहेत. एवढ्यात तू हत्ती धरशील.”

“हत्ती... बरा. बडबड... करत नाही.”

छपराचा भाग डुलत डुलत वर गेला. भिंतींवर टेकला. काका स्टुलावर चढले.

“धर!”

“धरलंय.”

काकांनी हात सोडला आणि खिशातून स्क्रू काढले. दोरी तसूभर हलली नाही. काकूंच्या कपाळावर घाम आला होता, ओठ आत ओढलेला होता आणि डोळे असे चमकत होते, जसे गेल्या चार महिन्यांत चमकले नव्हते. दुसरा भागही तसाच चढला. दुपारी दोनला वर्कशॉपला छप्पर आलं.

“उद्या पोरीला सांगतो, तुझ्या आईने एका हाताने छप्पर उचललं.”

“एका... बोटाने.”

मग काकांना धीर धरवेना. टेबल आत गेलं, भिंतीवर खिळे लागले, खिळ्यांवर पाने, पकडी, करवती आकाराप्रमाणे ओळीने टांगल्या गेल्या. वाइसचं खोकं कोपऱ्यात सरकवलं. काकू सगळं खिडकीतून बघत होत्या.

“चल, आतून दाखवतो.”

खुर्ची दारातून जाईना. संच मागवताना काकांनी दार मापलं होतं स्वतःच्या खांद्यांनी. त्यांनी काकूंना काखेत हात घालून उचललं आणि उंबऱ्यापलीकडे आत उभं केलं. नव्या लाकडाचा वास भरून राहिला होता. काकूंनी डोळे मिटून श्वास घेतला.

“थांब, स्टूल देतो,” काका म्हणाले. दाराची चौकट काकूंच्या शेजारीच होती. “धर.”

आणि त्यांनी हात सोडला.

चौकट उजव्या बाजूला होती.

काकूंचा उजवा हात जागचा हलला नाही. स्टूल घेऊन काका वळले तेव्हा काकू कोऱ्या फळ्यांवर पडल्या होत्या. मग हळूच आवाज आला.

“लिफ्ट... खाली आली.”

काकांना हसू आलं नाही. ते स्टूल हातात तसंच धरून खाली बसले, काकूंच्या शेजारी. काकूंचं कोपर निळं होत चाललं होतं. काकांनी त्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तो उचलला नाही.

“पोरीला... सांगू नका,” काकू म्हणाल्या.

रविवारी मुलगी आली. काकूंनी लांब बाह्यांचा पोशाख घालून घेतला होता. मुलगी वर्कशॉपभोवती फिरली, भिंतीला खांदा लावून ढकलून पाहिलं, छपराकडे मान वर करून बघितलं. मग हसून कान पकडले.

“मी हरले, बाबा. खरंच हरले. आई इथेच.”

काका चौकटीवरचा भुसा पुसत राहिले. एरवी एवढ्यात छपराची गोष्ट आभाळाला टेकली असती. मुलगी त्यांच्याकडे बघायला लागली.

“मी येते... तुझ्याकडे,” काकू म्हणाल्या.

“अगं, पण आई, पैज तर...”

“मला... कुणी विचारलं?”

काका खुर्चीजवळ गेले, खाली वाकले.

“जिंकलो ना आपण,” ते हळू आवाजात म्हणाले. “आता मी बघून करीन. दरवेळी बघून करीन.”

काकूंनी डावा हात उचलून त्यांच्या शर्टाच्या कॉलरवरचा लाकडाचा भुसा झटकला.

“मी जवळ असले... की तुम्ही... हात सोडता.”

मुलीला काही उमगलं नाही. तिला वाटलं, आईचं बोलणं पुन्हा भरकटलं. “बाबा, तुम्हीही चला ना,” ती म्हणाली. काकांनी मान हलवली. “हिच्यामागोमाग आलो, तर ही जाऊन उपयोग काय?” हेही मुलीला कळलं नाही.

गाडीत बसवताना काकांनी काकूंचा डावा हात आधी दाराच्या मुठीवर ठेवला, बोटं मिटली, मिटलीत का ते वाकून बघितलं, मगच स्वतःचा हात काढला. काकू काचेआडून म्हणाल्या, “दर रविवारी... या. थापा... मारायला.”

“या खेपेला छप्पर तू करंगळीने उचललेलं असेल.”

“बोट... ठरलं होतं.”

गाडी गेली. काका परसात आले. खुर्ची न्यायची राहून गेली असं वाटून धावले, पण खुर्ची गेलीच होती, ओल्या मातीत चाकांच्या रेघा तेवढ्या होत्या. ते वर्कशॉपमध्ये शिरले. कोपऱ्यातलं खोकं ओढलं, वाइस बाहेर काढला, टेबलाच्या कडेला चार बोल्टांनी पक्का केला. मग एक जाडसर दांडका निवडला. दाराच्या चौकटीला मूठ बसवायची होती, डाव्या बाजूला.

दांडका त्यांनी वाइसच्या जबड्यात धरला.

“धर,” ते म्हणाले.

आणि मान वळवून पाहिलं. मग दोन्ही हातांनी वाइसची दांडी फिरवून जबडा आवळला, दांडका हलवून बघितला, पुन्हा आवळला. मग एक हात सोडला. थोड्या वेळाने दुसरा.