प्रिंटर रुसला तो दिवस

भिंगारच्या एका शाळेतल्या एंजेलाबाईंनी कॉम्प्युटरवर नुकतीच आलेली ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि प्रिंटर बंद पडला. दुपारी चाचणी होती, प्रश्नपत्रिका छापायच्या होत्या. इंटरनेटवर एक जण सांगत होता, प्रिंटर चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम काढून टाका. दुसरा म्हणे, चुकूनही काढू नका. बाईंनी काढला, तर प्रिंटरमधला स्कॅनरही बंद पडला.

"अरे, कुणी स्वतः करून पाहिलंय का हे?" त्या स्क्रीनवरच ओरडल्या. मग प्रिंटरचं नाव देऊन हाच प्रश्न त्यांनी इंटरनेटवरच्या एका चर्चेच्या पानावर लिहिला.

तासाभरानं अकोल्याच्या कुणा अमृतचं उत्तर आलं, "मॅडम, माझाही हाच प्रिंटर आहे. सगळं करून बघितलं, अजून तरी चालत नाही. जुन्या सिस्टीमवर परत जा."

तेवढ्यात चाचणीची घंटा झाली. बाई चरफडत वर्गात गेल्या आणि प्रश्न फळ्यावर लिहू लागल्या.