साखरबाई डोळं बघती

मी त्या दिवशी साखरबाईशी भांडायलाच गेले हुते, खोटं कशाला बोलू? पदर खोचला, चपला घातल्या आन् सकाळी सातला इंदापूरच्या स्टँडमागं जाऊन उभी ऱ्हायले. माझं म्हणणं एवढंच, की ही बाई माझ्या नवऱ्याला दारू पाजती. आता ती पाजायची काढा, दारू न्हवं. पण मला इचाराल तर दोन्ही एकच हुतं.

आमचं मालक, गोकुळ, कारखान्याला ऊस व्हायच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. संध्याकाळी सा वाजलं की बाटली, आन् सकाळी डोकं धरून साखरबाईच्या म्होरं. एक गिलास काढा ढोसला की आठाच्या ठोक्याला कामावर हजर. पाच वर्सांत एक खाडा न्हाय. मग दारुडा कोण म्हणणार? उलट बाया मलाच म्हणायच्या, "माधवी, नशीबवान हायस गं, कामाला वाघ हाय तुझा माणूस." ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

साखरबाई साठीची, काटक, कपाळाला भंडारा. सासरी पयली मेंढरं हुती, आता दोन एकर ऊस हाय. चुलीवर पातेलं, पातेल्यात गुळवेल, भुईआवळी, धनं. भुईआवळी उसाच्या बांधावर ढिगानं उगवती, पण तितली ही घेत न्हाय, कारण तितं तणनाशक मारलेलं असतं. दोन कोस माळावर चालत जाऊन आणती. कुणी बघत नसताना एवढं कोण करतं, सांगा बरं? पण ह्ये मला मागनं कळलं. त्या दिवशी मी नुसती धुमसत हुते.

म्होरं धा-बारा गिऱ्हाईक. ट्रकवाले, कुणाच्या हळदीत नाचून आलेली पोरं. बाई गिलास लगीच देईना. आधी हनुवटी धरायची, तोंड उन्हाकडं फिरवायची आन् अंगठ्यानं खालची पापणी वढून डोळा बघायची. मेंढराचं काळीज बिघडलंय का न्हाय, ह्ये असंच बघायची त्यांच्यात रीत. तीच तिनं माणसाला लावलेली.

"मावशी, आमी काय मेंढरं हाय का?" एक पोरगं खिदळलं.

"मेंढराला अक्कल असती रं. दिसंल ते पीत न्हाय ते," साखरबाई म्हणाली. मला हसू आलं, आन् हसू आल्याचाच जास्त राग आला.

मग मी तोंड सोडलं. समद्यांदेखत. "तुझ्या ह्या पाण्यापायी माझ्या घराचं वाटुळं झालं! तू सकाळी उतरवतीस म्हणून त्यो रातचा पितो!" बाईनं माझ्या नवऱ्याचं नाव इचारलं, मी सांगितलं. तेवढ्यात मालकच आलं. मला बघून चपापलं, पण डोकं ठणकत असणार. गपगुमान तिच्याम्होरं बसलं.

तिनं एक डोळा बघितला. दुसरा बघितला. परत पयला बघितला. भरलेला गिलास बाजूला ठेवला.

"गोकुळ, तुला आजपासनं न्हाय."

"का? मी काय चोरी केली?"

"डोळं पिवळं झाल्यात लेका. काल न्हवतं."

"जागरणाचं असंल, मावशी. द्या हिकडं."

साखरबाई उठून उभी ऱ्हायली. म्हणाली, "ऐका रं समदे. ह्या पोराला मी पाच वर्सं रोज सकाळी उभा केला, म्हणून त्यो रोज संध्याकाळी बसत ऱ्हायला. ही बाई खरं बोलती. माझं चुकलं." आगं बाई! कोण दुकानदार असं गिऱ्हाइकाम्होरं बोलंल? मी भांडाय आलेली, आन् माझ्या तोंडातलं बोलणंच तिनं काढून घेतलं. चुलीतली लाकडं वढून तिनं पाणी मारलं आन् आमाला दोघांना घिऊन बारामतीच्या यष्टीत बसली.

दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, "रोज पिता?"

"न्हाय वो. कधीमधी. लग्नाबिग्नात," मालक म्हणालं. आन् मी, सकाळी एवढी बोंबललेली बाई, खाली फरशीकडं बघत बसले. अजून लाज वाटती मला त्याची.

"रोज पितो," साखरबाई म्हणाली. "आन् सकाळी उतरवायचं काम माझं हुतं."

लिव्हरला सूज हुती. डॉक्टर म्हणालं, आत्ता कायमची सोडली तर सुधरंल, न्हाय तर काय सांगता यायचं न्हाय. चार दिवस ठिवून घेतलं. वर बजावलं, की आता कसला काढाबिढा चालायचा न्हाय. मला वाटलं म्हातारी चिडंल. ती म्हणाली, "बरुबर हाय. डोळं पिवळं झाल्यावर माझं काम सपलं."

घरी आलो. सकाळ सरायची, दुपार सरायची, पण सा वाजलं की मालकांचा जीव थाऱ्यावर ऱ्हाईना. अंगणात नुसत्या येरझाऱ्या. दुसऱ्याच दिवशी साखरबाई दारात, हात रिकामं.

"काय आणलंसा, मावशी?"

"काय न्हाय गं पोरी. सकाळचं औषध मला येतं, संध्याकाळचं येत न्हाय. म्हणून नुसती बसाय आले."

आन् बसली की हो! सा ते आठ, रोज. मेंढरं घिऊन कोकणापतूर चाललेल्या वाटा सांगायची, मालक ऐकायचं. तिकडं चुलीपाशी नवा नेम केला तिनं. एकच तोंड लागोपाठ तिसऱ्या दिवशी दिसलं की गिलास न्हाय. निम्मं गिऱ्हाईक तुटलं. "तुटूंद्यात. पातेलं लहान घीन," म्हणाली. असली बाई मी जल्मात बघितली न्हाय.

चाळीस दिवस झालं. मग तिची लेक छकुली कऱ्हाटीला बाळातपणात अडली, आन् बाई सकाळच्या गाडीनं गेली. पाच वाजता मी मालकांना सांगितलं, "आज मावशी यायच्या न्हाईत." त्येंनी सा वाजता चपला घातल्या आन् चालू लागलं.

माझं हात पिठात. तशीच पळाले. वाटंवरच दारूचं दुकान, तितं डोकावले. न्हाय. टपऱ्या बघितल्या. न्हाय. शेवटाला साखरबाईच्या घराकडं वळले, तर मालक उंबऱ्यावर, गुडघ्याला मिठी मारून बसल्यालं. दाराला कुलूप.

"आवं, त्या कऱ्हाटीला गेल्यात. सांगितलं न्हवं का मी?"

"ठावं हाय."

"मग?"

"घरात बसवंना, माधवे. पाय दुकानाकडं वढत हुतं, म्हणून हिकडं आलो. आठ वाजूस्तर हितंच बसतो."

मला रडूच फुटलं. पिठाचं हात पदराला पुसलं आन् त्येंच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. आठ वाजायला अजून सव्वा तास हुता.